अमावास्येची जोडणी

माझ्या उजव्या मनगटावर एक पांढरट व्रण आहे. तो झाल्यापासून घड्याळ मी त्याच हातात बांधतो. व्रण दिसत नाही आणि कुणी विचारत नाही.

नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वाशीत इमारती उठत होत्या आणि नेरूळकडे नुसत्या खुंट्या ठोकलेल्या. मी मराठवाड्यातून डिप्लोमा करून आलेलो, एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. बोली संपत आली होती आणि एकच काम उरलं होतं. बैठ्या घरांच्या नव्या ओळीतून पावसाचं पाणी नेणारा पाईप जुन्या गटाराच्या मॅनहोलला जोडायचा. ते गटार पुढे खाडीत सुटायचं. पाऊस पडायच्या आत जोडणी झाली तर नोकरी पक्की, नाहीतर बिस्तरा गुंडाळून गावी जा, असं ठेकेदाराने तोंडावर सांगितलं होतं.

माझ्या हाताखालचा मिस्त्री खाडीकाठच्या गावातला, साठीचा. उमेदीची वर्षं त्याने मिठागरावर काढली. मिठागर वसाहतीत गेलं आणि आता तो त्याच वसाहतीची गटारं बांधत होता. त्या सकाळी तो खणलेल्या चरापाशी आला, घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाला, "सायेब, आज नको. आज आवस हाय. अष्टमीला करू."

माझं डोकंच फिरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी माझ्या वडिलांनी अवस-पुनव, उपास, अंगारे सगळं उंबऱ्याबाहेर काढलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच वाटेने जायचा. त्यांचा मी मुलगा!

"हे काम आहे, सत्यनारायण नाही," मी ओरडलो. "मुहूर्त बघून गटारं बांधायची का रे?"

वडिलांच्या वयाच्या माणसाला मी अरे-तुरे करत होतो, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. त्याने घमेलं पालथं घातलं. त्याच्या लेखी सांगायचं ते सांगून झालं होतं. मग म्हणाला, "मी तं आज आत उतरनार नाय."

"मग मी उतरतो. तू बाहेरून पाईप सरकव."

मॅनहोल माझ्या डोक्याहून हातभर खोल, विटांचं, इतकं अरुंद की कोपर पसरता येत नव्हतं. पाईपासाठी भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं, कमरेच्या उंचीवर. म्हातारा चरात उभा राहून पाईप रेटू लागला. चकाकी दिलेल्या मातीच्या पाईपाचे तीन तुकडे एकमेकांत बसवलेले होते, चांगलेच जड. मी आतून त्याचं तोंड धरून नीट बसवत होतो. तेवढ्यात चरातली टेकणाची वीट सटकली आणि सगळा भार उतारावरून माझ्याकडे आला. पाईपाची कड आणि फोडलेली वीट यांच्यामध्ये माझं मनगट सापडलं.

आधी शिवी निघाली, मग किंकाळी. हात ओढला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायांना गार लागलं म्हणून खाली पाहिलं, तर पाणी. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि पाणी घोट्यावर आलं होतं. ते खाडीकडून उलटं येत होतं, चिखलाचा आणि कुजक्या मासळीचा वास घेऊन. गटाराच्या तोंडाची लोखंडी झडप गंजून उघडीच राहिली होती, हे नंतर कळलं. अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं, अष्टमीला पाणी निवांत असतं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हातारा तेच सांगत होता.

गुडघे बुडाले. मी समोरच्या विटांचे थर बघत राहिलो. पाणी एकेक थर गिळत वर येत होतं. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा, खाली काळं पाणी, आणि मी खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा जागच्या जागी. पाणी कमरेला लागलं तेव्हा अडकलेला हात दिसेनासा झाला. मी घाबरलो. सरळच सांगतो, मी मोठ्याने आईला हाक मारली.

म्हातारा बाहेरून पाईप ओढत होता, पण मागे माती ढासळली होती आणि पाईप हलत नव्हता. शेवटी त्याचा आवाज आला, "हात हलवू नको. डोले मिट." हातोड्याचे घाव बसले. तिसऱ्या घावाला पाईप फुटला आणि मनगट मोकळं झालं. वर येऊन, पालथं पडून त्याने मला बखोटीला धरून ओढून काढलं. पाणी तोवर माझ्या छातीला लागलं होतं.

गळ्यातला रुमाल सोडून त्याने माझं मनगट बांधलं. 'मी बोललो होतो,' एवढंसुद्धा म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला पुढचं जड गेलं असतं.

संध्याकाळी ठेकेदाराने विचारलं, पाईप फुटला कसा? लेखी दे. मी डाव्या हाताने लिहिलं: मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा कामावर नव्हता. अष्टमीला दुसऱ्या मिस्त्रीने कोरड्या मॅनहोलमध्ये उतरून जोडणी केली. माझी नोकरी पक्की झाली.

दिवाळीच्या सुट्टीत वडील खोलीवर आले. भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमांना मी लाल पेन्सिलीने गोल केले होते. ते बघून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे काय रं? तू बी?"

मी त्यांना मॅनहोलपाशी घेऊन गेलो. अमावास्याच होती, दुपार होत आलेली. झाकण उचललं. पाणी चढताना ते उकिडवे बसून बघत राहिले. मी सगळी हकीगत सांगितली, तो कागद सोडून.

"मंग तो म्हातारा खरा होता की," ते म्हणाले. "त्याला तसं सांगितलंस का?"

"सांगितलं," मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, घड्याळ सरकवून व्रणावरून अंगठा फिरवला. "बरं केलंस," म्हणाले, आणि बराच वेळ हात सोडलाच नाही.