पूजेतलं पुस्तक

मला एका जागी बसवत नाही. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका म्हणतात, तुमच्या पायाला भिंगरी आहे. असेल. पिंपळे गुरवहून चाकणच्या पलीकडल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज स्कूटरवर जायचं, मोशीच्या पुढे कंटेनरांच्या मधून वाट काढायची, तिथे शांत राहून कोण पोचलंय? शाळेच्या फाटकात शिरते तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं असतं. असल्या डोक्याची बाई मुलांना वाचनाची गोडी लावायला निघाली होती.

दसऱ्याच्या आधी वरून आदेश आला. वाचनाचा आठवडा साजरा करा, ग्रंथदिंडी काढा, फोटो पाठवा. तो दरवर्षीच येतो. कपाट उघडायचं, एकेक पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं, हसा म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुस्तकं पुन्हा कपाटात. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. मुख्याध्यापक गावातल्याच जुन्या घरातले, माणूस सज्जन, पण पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी त्यांचा जीव खालीवर होतो. या वेळी मी अडून बसले. म्हटलं, पुस्तकं मुलांच्या घरी जाणार असतील तर मी दिंडी करते, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. चांगलीच जुंपली आमची. शेवटी ते म्हणाले, "न्या बाई, पण फाटलं तर मी न्हाई, तुमी जबाबदार." चालेल म्हटलं.

सहावीच्या वर्गात मी पुस्तकं जमिनीवर पसरली. हवं ते उचला, घरी न्या. परीक्षा नाही, प्रश्न विचारणार नाही, सारांश लिहायचा नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग वाचायचं कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग त्या पोरावर नव्हता. सहा वर्षं शाळेत बसून त्याला हाच प्रश्न पडावा, हे आमचंच कर्तृत्व. मजा येते म्हणून, मी म्हटलं. ते काही कुणाला पटलेलं दिसलं नाही. मुलग्यांनी बारीकातली बारीक पुस्तकं शोधून उचलली.

एका मुलीनं मात्र जाडसर पुस्तक घेतलं, कारण मुखपृष्ठावर शेळी होती. हिंगोलीकडचं कुटुंब. वडील एका कंपनीत प्रेस मशीनवर कंत्राटी कामगार, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. आई जवळच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. वर्गात ही मुलगी असून नसल्यासारखी. गावाकडं आमची पण शेळी हाय, एवढंच ती पुस्तक घेताना बोलली.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं कोण जाणे, ती रोज प्रार्थनेच्या आधी माझ्या टेबलाशी यायला लागली. गोष्ट अशी होती की आठवडी बाजाराच्या दिवशी एक शेळी हरवते आणि दोन भावंडं तिला शोधत गावभर फिरतात. ही मला रोज सांगायची, काल कुठवर आले. बोट ओळीखाली ठेवून वाचणारी पोरगी, सावकाश पुढे सरकायची. एके सकाळी धावतच आली. शेळीच्या गळ्यातली घंटा सापडली होती, आणि सापडली तीही त्या भावंडांच्या सख्ख्या काकाच्या गोठ्यात! काकानंच नेली का, मॅडम? तुम्ही वाचलंय ना, सांगा की. मी म्हटलं, मेले तरी सांगणार नाही. ती चिडली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी कुणावरच ओरडले नाही. आयुष्यातलं पहिलं पुस्तक ती स्वतःच्या मर्जीनं वाचत होती आणि शेवटची थोडीच पानं राहिली होती. ही पोरगी आता हातची जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

मग दिंडी निघाली. देवळातली पालखी मागून आणलेली, तिच्यात शालीवर कपाटातली नवीकोरी पुस्तकं, वर झेंडूचा हार. मुली नऊवारीत, पोरं लेझीम खेळतायत. दारोदारी बायका पाण्यानं रस्ता शिंपत होत्या, औक्षण करत होत्या. पालखीतल्या पुस्तकांना कुणी हात लावायचा नाही अशी मुख्याध्यापकांची सक्त ताकीद. नाक्यावर कंपनीच्या निळ्या गणवेशातला एक माणूस कामावरून परतत होता. त्यानं रस्त्याच्या कडेला जाडजूड बूट काढले आणि अनवाणी येऊन पालखीला डोकं टेकवलं. मुख्याध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, काढा, काढा फोटो. मी काढला. वर पाठवलेल्या फोटोंमध्ये तोच सगळ्यांना आवडला.

दसरा झाला आणि ती मुलगी टेबलाशी यायची थांबली. मीच विचारलं, काका चोर निघाला का गं? खाली बघून म्हणाली, पुस्तक पूजेत आहे. खंडेनवमीला वडिलांनी पान्हे, कंपनीचं ओळखपत्र, मोबाइल आणि हे पुस्तक एकत्र मांडून पूजा केली होती. ठीक आहे, म्हटलं, आपल्याकडे सगळेच करतात. पूजेत मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, आम्हीही लहानपणी त्या निमित्तानं अभ्यासाला सुट्टी घ्यायचो. पण चार दिवसांनी विचारलं तरी उत्तर तेच, पूजेत आहे. पुढच्या आठवड्यातही पूजेतच. विचारलं की ती ओढणीचं टोक पिळायची. तिकडे मुख्याध्यापक पुस्तकं गोळा करा म्हणून मागे लागलेले. मला रात्री झोप लागेना. घरच्यांनी हात टेकले, म्हणाले, एका पुस्तकापायी किती जिवाला लावून घेशील? एका पुस्तकापायी नव्हतं ते. एकदा का ती घंटेपाशी थांबली की थांबली, पुन्हा कुठल्या पुस्तकाला हात लावणार नाही, ही धाकधूक होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला स्कूटरवर मागे बसवली आणि तिच्या घरी गेले. वाटेत काय काय सुनवायचं ते पाठच करत होते. ओळीनं पत्र्याच्या खोल्या, एकीत हे लोक. दाराला पडदा. आई कामावर, वडील थर्ड शिफ्ट करून नुकते आडवे झालेले. धडपडत उठले, शर्ट चढवला, मला खुर्ची दिली. बघते तर निळ्या गणवेशातला तोच माणूस. वर फळीवर देवांचे फोटो, त्यांच्या पायाशी ते पुस्तक, हळदकुंकवाची बोटं ओढलेलं, वर वाळलेली आपट्याची पानं. स्टुलावर चढूनही मुलीचा हात पोचला नसता.

पाठ केलेलं निम्मं विसरलेच. तरी म्हटलं, अहो, ते वाचायला दिलं होतं, नमस्कार करायला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, एवढीशी खोली," ते म्हणाले, "पाय लागतो, पाणी सांडतं. सरस्वती हाय ती, खाली कुठं ठिवू? आन तुमच्याच शाळेनं पालखीतून मिरवली की तिला. म्या सोता पाया पडलो."

आम्ही जे शिकवलं ते त्या माणसानं मनोभावे केलं होतं. त्याचा फोटोही आम्हीच काढला होता. राग इतका आला होता, आणि तो ठेवायला जागा सापडेना. उठून पडद्यापाशी गेले, परत आले. फळीकडे बघताना त्या पान्ह्यांची आठवण झाली, ते तर तिथे नव्हते. विचारलं, पान्हे कुठे गेले? म्हणाले, ते कामाला लागतात ना. मग विचारलं, कंपनीत मशीनची पूजा करता, ती किती दिवस बंद ठेवता?

"बंद?" त्यांना हसूच आलं. "बंद ठिवून कसं जमंल? दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हार काढायचा, हळदकुंकू पुसायचं आन चालू करायची."

बोलून झालं आणि ते फळीकडे बघत राहिले. मी काही म्हटलं नाही. आयुष्यात क्वचितच जमलंय मला ते. थोड्या वेळानं उठून त्यांनी हात धुतले, पुस्तकावर चार अक्षता टाकल्या, पूजा उतरवताना हलवतात तसं ते जागेवर जरासं हलवलं, खाली काढलं आणि शर्टाच्या टोकानं पुसून मुलीसमोर धरलं.

मुलगी मागे सरकली. "मी पारोशी हाय," ती म्हणाली. सकाळी नळाला पाणी आलं नव्हतं, बिनअंघोळीची शाळेत आली होती.

हीच पोरगी धावत टेबलाशी आली होती. आता काय करावं सुचेना, आणि नुसतं बसणं तर माझ्यानं होत नाही. मी पुस्तक ओढून घेतलं, जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं. वर्गात कुणी असं केलं तर मी हातावर फटका देते. ती श्वास रोखून बघत होती, आता बाईंना काहीतरी होणार. काही झालं नाही. पुन्हा बोट ओलं केलं, पुन्हा पान. घंटेचं पान सापडलं. मोठ्यानं वाचायला लागले आणि काका गोठ्याच्या दारात येतो तिथे थांबले. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं, चपला घातल्या. वडील भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते, डोळ्यांवर हात. झोपले होते की काय, कळलं नाही.

पडद्याबाहेर पाऊल टाकते तोच मागून तिचा आवाज आला, अडखळत, बोटाच्या वेगानं. मी तिथे थांबले नाही. थांबले असते तर आत जाऊन उच्चार सुधारत बसले असते.

सोमवारी पुस्तकं गोळा करायची होती. सगळ्यांची आली, हिचं नाही. मुख्याध्यापक दाराशी उभे. माझं डोकं पुन्हा फिरलं. काय गं, परत फळीवर गेलं ना?

"न्हाई मॅडम, पप्पांच्या डब्याच्या पिशवीत हाय," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत वाचतेत कंपनीत. माझं झालं शनिवारीच. शेवट सांगते म्हणलं त्यास्नी, तर माझ्यावरच खेकसले, सांगू नको म्हणले."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्यांचं वाचून झाल्यावर येईल.