रिठातल्या विहिरीचं नाव

ओसाड पडलेल्या गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. मंगरूळपीरपासून तीन कोसांवर माझी शाळा होती आणि त्या गावाच्या शिवारात असंच एक रीठ होतं. मोठ्या दुष्काळानंतर तिथं तलाव मंजूर झाला. रीठ पाण्याखाली जाणार म्हटल्यावर मी वही उचलली आणि तिथल्या वावरांची, पडक्या विहिरींची नावं लिहीत सुटलो. कुणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकरी भाजायची मला पहिल्यापासून खोड.

नावं मात्र झकास मिळाली. भांडणाचं वावर, नवरीचा माळ, उपाशी पट्टा. प्रत्येक नावामागं एक कहाणी आणि कहाणीमागं गोडमिट्ट चहा. अडलं ते एका विहिरीपाशी. रिठात संसार केलेली एकच म्हातारी आता गावात उरली होती. तिला विचारलं, तर पदर पुढं ओढून गप्प. तीनदा विचारलं, वैतागलो आणि लिहून टाकलं : ‘पडकी विहीर, नाव नाही.’

शनिवारी पारावर यादी वाचून दाखवली. लोकांनी हौसेनं चुका काढल्या. म्हातारी मागं बसून ऐकत होती. सोमवारी मी शाळेचं कुलूप काढतो तर ही दारात उभी.

“मास्तर, माह्या इहिरीले नाव नाई असं लिवलं काहून?”

“मग सांगितलं का नाही?”

“कसं सांगू? मालकाचंच नाव हाय तिले. आमी दोघानं खंदली. म्या माती ओढली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईनं उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही, आणि मी शिकलासवरला गाढव हेच विसरलो! दुसऱ्या कुणाला विचारावं, तर तिच्या नवऱ्याला ओळखणारं माणूसच उरलं नव्हतं. मूलबाळ नाही. तिनं सांगितलं नाही तर विहिरीबरोबर नावही बुडणार होतं.

“उखाण्यात घ्या की, आजी.”

“म्या रांडमुंड बाई, उखाना घेऊ?” ती फिस्कारली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. पोरं अजून आली नव्हती. ती पायरीवर बसली, रिठाकडं तोंड केलं आणि लग्नातला उखाणा हळूच म्हणाली, “वावरात जवारी, धुऱ्यावर तूर...” पुढच्या ओळीत नाव आलं. त्या वयातही ती लाजली. मला ती फार आवडली.

मी ‘नाव नाही’ खोडून नाव लिहिलं.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं.

“जोरानं वाचा, मास्तर. लय वर्स झाले, ते नाव कोनाच्या तोंडून आयकलं नाई.”

मी हजेरी घेतो तशा खणखणीत आवाजात वाचलं. ती डोळे पुसत म्हणाली, “अजून एकदा.”