नवसागराचे पाणी

दौंड–मनमाड मार्गावरच्या एका लहान स्टेशनात बन्सी गायके पोर्टर होता. शेजारच्या स्टेशनाशी घंटीने बोलणारे यंत्र काचेच्या बरण्यांतल्या विजेच्या सेलांवर चाले; पलीकडून घंटीचा होकार आल्याशिवाय गाडी पुढे सुटत नसे. त्या बरण्यांत नवसागराचे पाणी भरणे हे त्याचे काम होते. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या संयोगातून होणारा हा पांढरा क्षार विरघळताना पाण्याची ऊब ओढून घेतो. भांडे हाताला गार लागते. बहात्तरच्या दुष्काळातल्या एका सकाळी बन्सीने पुडा ओतून ढवळला, तरी बादली गार पडेना. त्याने कण जिभेला लावला. खायचे मीठ होते ते.

आदल्या रात्री नवसागराचे पुडे ठेवलेल्या स्टेशनच्या कोठीत त्याचा मेहुणा छगन झोपला होता, आणि छगनची हातभट्टी नवसागराशिवाय चालत नसे.

"दाजी, मीठ बी पांढरंच की," छगन हसला. "बरन्यांना काय चव कळती व्हय?"

"घंटी मुकी झाली म्हंजी धान्याची गाडी माळावर उभी ऱ्हाती, भाड्या! लोकं उपाशी हायती!" बन्सीने त्याचे मनगट आवळले.

बायको, गोजरबाई, आडवी आली. "भाऊ हाय माजा. मास्तरास्नी सांगू नगा."

"तुजा भाऊ हाय म्हनूनच कोठीत निजू दिला, अन् त्यानं माज्याच हातून चोरी झाकून घ्यायला बघितलं!"

बन्सीने छगनला ओढत नेऊन स्टेशनमास्तरांपुढे उभे केले. पोलिसांनी भट्टी फोडली, छगन तुरुंगात गेला. त्या वर्षी दिवाळीला गोजरबाईला माहेरचे बोलावणे आले नाही. ती रडली, तेव्हाही बन्सीच्या कपाळावरची आठी मोडली नाही.