वकीलसाहेबांच्या कोटाची ट्रायल

शमशेर मास्तरांचा एक हेका होता आणि नगरच्या कापडबाजारात तो सगळ्यांना ठाऊक होता. ट्रायल घेतल्याशिवाय कोट पुरा करायचा नाही! गिऱ्हाईक मामलेदार असो की नवरदेव, कच्ची शिलाई घालून कोट एकदा अंगावर चढवायचा, खडूनं खुणा करायच्या, मगच मशीनवर घ्यायचा. "माणूस काय लाकडाचा आहे का? चार महिन्यांत खांदा उतरतो, पोट सुटतं," असं म्हणायचे. लोक वैतागायचे, पण कोट टाकायचे मास्तरांकडेच.

मूळचा शेवगावचा माणूस. बोळात एवढंसं दुकान, एक मशीन, आणि काज-बटणं करायला बायको रजिया. पंधरा वर्षं राधाकृष्ण वकिलांचे कपडे तेच शिवत होते. पुढं वकीलसाहेब दिल्लीच्या कायदेमंडळात सभासद झाले, पण कोट तोच जुना. कोपरावर रफू, अस्तराला ठिगळ. हे काम मास्तर फुकट करून द्यायचे. आपल्या हातचा कोट दिल्लीला जातो, याचाच त्यांना केवढा रुबाब!

अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीआधी वकीलसाहेबांचं नगरला भाषण झालं. मास्तर मागच्या रांगेत उभे होते. वकीलसाहेब म्हणाले, "आमच्याकडे लोक कामं घेऊन येतात. कोण आलं, कशासाठी आलं, काय घेऊन आलं, हे सभासदानं लिहून ठेवावं आणि सभागृहात वाचून दाखवावं. ज्याचं काम आपल्यापुढे आहे, त्याच्याकडून सुपारीचं खांड जरी घेतलं, तरी सभासदाची जागा गेली पाहिजे. असा कायदा मी मांडणार आहे." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मास्तरांचे हात लाल झाले.

दोनच दिवसांनी सहादेवशेठ दुकानात आले. कापडाचे मोठे व्यापारी. त्या वर्षी कापडावरचा कंट्रोल उठला होता, भाव भडकले आणि कंट्रोल पुन्हा बसला. कुणाला किती माल द्यायचा, यावर दिल्लीत जी कमिटी बसायची, तिच्यात वकीलसाहेब होते. शेठनी काळ्या सर्जचा तुकडा मशीनवर ठेवला. मास्तरांनी बोटांत धरून पाहिला. असलं लोकरी कापड लढाईनंतर त्यांच्या हाताला लागलं नव्हतं.

"वकीलसाहेबांच्या मापाचा लांब कोट शिवा," शेठ म्हणाले. "माप तुमच्या वहीत आहेच. दिल्लीत थंडी फार. त्यांना आत्ता काही बोलू नका, दिवाळीची भेट आहे."

"ट्रायलला तर त्यांना बोलवावं लागेल."

"ट्रायल राहू द्या हो एक वेळ!" शेठ हसले. मग उठता उठता म्हणाले, "आणि हो, लग्नसराईचा दोरा बाजूला काढून ठेवलाय तुमचा. कोट झाला की रिळं न्या."

मास्तर काय समजायचं ते समजले. दोऱ्याची तेव्हा अशी टंचाई की गावात तो शेठकडेच मिळायचा. दोरा नाही तर मशीन बंद, मशीन बंद तर दुकान बंद. लग्नसराई गेली की वर्ष गेलं.

घरी रजियाला सांगितलं. ती काज करता करताच म्हणाली, "शिवा आणि मोकळे व्हा. तुम्ही दर्जी आहात, कोतवाल नाही."

बरोबरच होतं तिचं. मास्तरांनी सर्ज कापली, कच्ची शिलाई घातली. पण पुढं हात चालेना. वकीलसाहेबांचा डावा खांदा आधीच उतरता, आता आणखी उतरला असेल, ट्रायल घेतलीच पाहिजे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. शेवटी त्यांनी निरोप धाडला: कोटाच्या ट्रायलला या.

वकीलसाहेब आले ते गोंधळून. "कसला कोट, मास्तर? मी कुठं टाकलाय?"

मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. कापड कुणाचं, भेट कुणाची. वकीलसाहेबांनी कोट हातात घेतला आणि, काय वाटलं कोण जाणे, अंगात घातला. आरशासमोर उभे राहिले. बाह्या खाली ओढून पाहिल्या. मास्तरांनी सवयीनं खांद्यावर खडूची रेघ मारली. कोट असा बसला होता की बस्स!

"अजून कायदा झालेला नाही, मास्तर," वकीलसाहेब आरशाकडे बघतच म्हणाले. हसून म्हणाले, पण कोट काही काढला नाही.

"साहेब, मी टाळ्या वाजवल्या होत्या," एवढंच मास्तरांच्या तोंडून निघालं.

वकीलसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी कोट काढला, नीट घडी घातली. "शेठना परत द्या. मी नाही म्हणालो म्हणून सांगा," म्हणाले आणि गेले.

झालं! शेठनी कोट घेतला आणि मास्तरांची रिळं दुसऱ्या दुकानात गेली. पंधरा दिवसांत दोऱ्याचा डबा रिकामा. आलेलं लग्नाचं काम मास्तरांनी हात जोडून परत केलं.

वकीलसाहेब दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी मास्तर त्यांच्या घरी गेले. सरकारी पुरवठा कचेरीला एक चिठ्ठी द्या, तेवढी रिळं मिळाली तर दुकान वाचेल, असं म्हणाले. वकीलसाहेबांनी नवी कोरी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: शमशेर, शिंपी, काम दोऱ्याचं.

"वहीत पहिलं नाव तुमचंच," ते म्हणाले. "आणि तुम्ही माझं रफू फुकट करत आलात, तेही लिहावं लागेल."

"ती काय भेट होती, साहेब?" मास्तरांचा आवाज चढला. "ती माया होती!"

"मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याला कसं कळणार? चिठ्ठी मला देता यायची नाही, मास्तर. मला माफ करा." त्यांचे डोळे भरून आले होते. मास्तरांचे नव्हते. मास्तर संतापले होते. सलामही न करता ते निघून आले.

महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. मशीन मोटारीच्या टपावर चढलं आणि मास्तर शेवगावला मावसभावाच्या दुकानात, दुसऱ्याच्या हाताखाली बसले. वकीलसाहेबांच्या त्या कायद्याचं दिल्लीत काय झालं, ते शेवगावला कुणाला कळलं नाही. रजियाचा राग मात्र वर्षभर उतरला नाही. "एक चिठ्ठी! एवढ्या मोठ्या माणसाला एक चिठ्ठी देववली नाही!" ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मास्तर पहिल्यांदा तिच्या सुरात सूर मिळवायचे. मग गप्प बसू लागले. एकदा तिनं असंच सुरू केलं, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं.

"दिली असती तर मी घेतली असती गं," ते म्हणाले. "घरी आणून तुला दाखवली असती. आणि शेठचा कोट परत करायला लावणारा मीच, हे मला आठवलंसुद्धा नसतं."

मास्तरांनी पुन्हा मशीनवर पाय ठेवला.