निर्मलाबाईंनी दिलेला दिवस

कारध्याच्या निर्मलाबाईंचा राग ओळखायला शिकावं लागतं. इतरांचा आवाज चढतो, यांचा उतरतो. मी त्यांच्या शेजारी राहतो, तेव्हा एवढं शिकलो आहे.

बाईंच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीत चौदा बाया. एखाद्या शेतकऱ्याला दिवस दिला म्हणजे दिला, मग तो मोडायचा नाही. त्यांची सून गुंजन हिने आसपासच्या टोळ्यांसाठी वेबसाइट काढली. तारीख टाकून शोधलं, की त्या दिवशी कोणती टोळी मोकळी आहे ते दिसतं. तुमसरच्या धनंजयची शेतीची मोठी साइट आहे. शोधाचे हे निकाल आपल्याही साइटवर दाखवू दे, असं त्याने मागितलं आणि गुंजनने हौसेने दिले. त्यात वाईट काहीच नव्हतं, उलट टोळ्यांना लांबची कामं मिळाली असती.

पण या शहाण्याने निकाल एकदाच उचलून ठेवले आणि आठवडाभर तेच दाखवत बसला. सोमवार शहापूरच्या इश्वरला दिलेला होता. सकाळी बाया त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, निघाल्या, तर त्यांना न्यायला दारात कैलाश नावाच्या दुसऱ्याच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा! धनंजयच्या साइटवर सोमवारी टोळी मोकळी दिसली, म्हणून त्याने रोवायचे पऱ्हेही, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवले होते.

"एक दिवस दोघायले देता का, बाई? असं झूठ?" भर गल्लीत तो ओरडला.

बाई इश्वरकडेच गेल्या. कैलाशचे उपटलेले पऱ्हे सुकले, आणि खोटारडेपणाचा डाग लागला तो बाईंना. मला त्या धनंजयचा भयंकर राग आला.

मंगळवारी बाईंनी तुमसर गाठलं. सोबत मलाही ओढून नेलं. धनंजय हसत म्हणाला, "मावशी, एवढी झंझट कायले? तुमच्या टोळीचं नावच काढून टाकतो."

बाईंचा आवाज उतरला. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"नाव काहून काढून राहिला? खोटं तुह्यापाशी, अन् हटायचं आम्ही? बाकीच्या टोळ्यायचं काय? कोणी शोधलं का, तुह्या साइटनं दर खेपेले गुंजनच्या साइटले विचारलं पायजे. शिळं दाखवू नको."

"करतो ना, सवडीनं."

"आज कर. मी इथून हालत नाही."

आणि खरंच हलल्या नाहीत. आलेला चहासुद्धा घेतला नाही. मी मात्र बिस्किटांशी भांडण ठेवलं नाही. चार वाजता धनंजयने घाम पुसत स्क्रीन आमच्याकडे फिरवली. बाईंनी लगेच गुंजनला फोन लावला, "गुरुवार कैलाशभाऊच्या नावानं लाव." मग धनंजयला त्याच्या साइटवर गुरुवार शोधायला लावला. टोळी आता मोकळी नाही, असं दिसलं. तेव्हा कुठे त्यांनी कैलाशला फोन केला.

"भाऊ, उरलेले पऱ्हे गुरुवारी उपटा. आम्ही येऊन राहिलो."

कैलाश अजून घुश्शातच होता. "आता कोणत्या साइटवर भरोसा ठेवू, बाई?"

"कोणतीबी पाहा," बाई म्हणाल्या. "आता दोनी खरं सांगतात."