वाररेषेवर हरवलेला सोमवार

ज्या दिवशी माझा एक सोमवार हरवला, त्या दिवशी मला वाटलं होतं की आता देवाकडे काही मागायला तोंड राहिलं नाही.

ईरा, ही २००५ सालची गोष्ट. तू तेव्हा तुझ्या आईच्या पोटात होतीस. सोहम, तुझा तर पत्ताही नव्हता. ईराच्या आधी माझ्या मृणालची, म्हणजे तुमच्या आईची, दोन बाळं पोटातच गेली होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता लिहायला हरकत नाही, असं तुमची आईच म्हणाली. पक्ष्यांच्या संशोधनासाठी ती त्या वर्षी रोटा नावाच्या बेटावर राहत होती. पॅसिफिकच्या पश्चिम भागातलं, ग्वामजवळचं हे इवलंसं बेट अमेरिकेच्याच ताब्यातलं. बाळंतपणाला ती अमेरिकेतल्या घरी, ॲन आर्बरला परत येणार म्हणून मी नागपूरहून तुमच्या बाबांकडे येऊन राहिले होते. पण तिची तब्येत नाजूक झाली आणि डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला. मग मीच तिच्याकडे निघाले.

हे बाळ राहावं म्हणून मी सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. अकरा झाले होते. व्रतात खंड पडू द्यायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या स्वभावालाही ते मानवणारं होतं. प्रवासातल्या सोमवारसाठी राजगिऱ्याचे लाडू, छोटी पिंड आणि भस्माची डबी मी वेगळ्या पिशवीत नीट बांधून घेतली होती.

होनोलुलूहून आमचं विमान रविवारी रात्री, बऱ्याच उशिरानं सुटलं. खाली काळा समुद्र आणि वर तारे. आपण हललोच नाही असं वाटत होतं. मला झोप लागली. जाग आली ती ग्वामला उतरताना, आणि हवाईसुंदरी सगळ्यांना मंगळवारच्या शुभेच्छा देत होती. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. पश्चिमेकडे जाताना ओलांडली की एक वार गळणारी ती आंतरराष्ट्रीय वाररेषा फळ्यावर कितीदा काढली असेल. ती आपल्या उपासाच्या आड येईल हे मात्र डोक्यात आलं नाही. माझा बारावा सोमवार उजाडलाच नव्हता.

तुमच्या बाबांना विमानतळावरून फोन केला. ते म्हणाले, "आई, टेन्शन नका घेऊ. परत येताना दोन सोमवार मिळतील, एक ॲडजस्ट करा."

"देवाकडे रिटर्न पॉलिसी नसते, निखिल," मी म्हटलं. तेही हसले, मीही हसले. पण मृणाल फोन उचलत नव्हती. फोन नुसता वाजत राहिला आणि माझ्या मनात एकच विचार रुतला: खंड पडला.

सकाळी रोटाला जाणारं छोटं विमान मिळालं. मुलांनो, ते बेट मी तुम्हाला दाखवू शकले असते तर! कोट्यवधी बारीक जीवांनी समुद्राखाली बांधलेलं प्रवाळ, आणि मग पृथ्वीच्या पोटातल्या कुठल्याशा बळानं टप्प्याटप्प्यानं वर उचललेलं. वरून पाहताना एखाद्या घाटाच्या पायऱ्या समुद्रातून आभाळाकडे निघाल्यासारख्या दिसत होत्या. कड्यांवर पांढरे पक्षी तरंगत होते. इतकं सुंदर काही दिसत असताना आपण घाबरलेले आहोत, याचीच मला लाज वाटत होती.

विमानतळावर मृणाल नव्हती. फुलाफुलांचा झगा घातलेली, माझ्याच वयाची एक बाई पुढे आली. मृणालच्या शेजारी राहणाऱ्या या रोझा आंटी.

"तुम्ही आई ना? बाळ ठीक आहे," त्या आधी म्हणाल्या. "तुमची मुलगी झोपली आहे. आता रडा हवं तर."

ट्रकमधून जाताना त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी मृणालला रक्तस्राव सुरू झाला. आंटींनीच तिला दवाखान्यात नेलं आणि त्या दिवसभर तिचा हात धरून आपली क्रुसाची जपमाळ ओढत बसल्या. संध्याकाळी रक्त थांबलं.

"काल जेवलात काही?" मी विचारलं.

"छे! पोट भरलं की माझी प्रार्थना घोरायला लागते."

मी त्यांना माझ्या बुडालेल्या सोमवारबद्दल सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी ट्रक बाजूला घेतला आणि म्हणाल्या, "बुडाला कसा? इथे होता ना दिवसभर. चांगला लांबलचक होता, मला विचारा."

त्या दिवशी मृणालच्या स्वयंपाकघरात मी कणीक भाजून, गूळ-तूप घालून व्रताचा चूर्मा केला आणि देवाला दाखवून पहिला वाटा आंटींच्या हातावर ठेवला. "अजून तूप आहे का?" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी, मृणालला बरं वाटत असताना, त्या मला डोंगरातल्या गुहेत घेऊन गेल्या. त्या बेटावर पडलेला पाऊस भोकाभोकांच्या दगडात जिरून दिसेनासा होतो आणि त्या गुहेत पुन्हा भेटतो. गावाला तेच पाणी. आत गारवा होता, हिरवट उजेड होता. छतातून थेंब थेंब पाणी खालच्या गोल दगडावर पडत होतं. पिंडीवर अभिषेकपात्र टांगतात ना, तसं. माझी पिंड पिशवीतच राहिली. मी आजवर अभिषेक केले ते पळीनं मोजून, मंत्र चुकणार नाही ना या धाकात. इथे कुणी पात्र भरत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं, आणि धार तुटत नव्हती. मी कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिले. काही मागायचं आहे हे आठवलंच नाही.

पुढे डॉक्टरांनी ग्वामपर्यंतच्या विमानाची परवानगी दिली, निखिल आले, आणि ईरा, ग्वामच्या हॉस्पिटलात तू जन्मलीस. सावळी, रागीट, आणि पूर्ण दिवसांची.

व्रत मी करते, म्हणून ते पार पडतं, असं मला वाटायचं. आपल्या हातून सुटलेलं कुणीतरी उचलून धरलेलं असतं, हे मी त्या बेटावर पाहिलं. नेमानं उपास मी आजही करते, पण त्यातली भीती गेली. माझ्या सोळा सोमवारांतले पंधरा माझे आणि एक रोझा आंटींचा. त्यातल्या कोणत्या सोमवारानं तू आम्हाला मिळालीस, ते मी शोधत नाही. सोळांनाही हात जोडते.