तात्या आणि ते वळण

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी महादूतात्या दोन्ही ट्रॉल्यांखाली वाकून बघायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "कोन हाय का रं खाली?" कुणी नसायचंच. तरी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय ते चावी फिरवत नसत. म्हणायचे, "येका हाकंला मानूस झोपंतच आसतो. दुसऱ्या हाकंला जागा हुतो."

बारामतीत त्यांची-आमची भिंतीला भिंत होती. कारखान्याला ऊस वाहण्यात त्यांची उमर गेली. एका हंगामात कोऱ्हाळ्याजवळच्या वळणावर त्यांना झटका आला. मागं उसाच्या मोळ्यांवर तोडीच्या बायका बसल्या होत्या. कानात एकच लांब सूर घुमला आणि डोळ्यांपुढं काळोख झाला, असं ते सांगायचे. तशाही स्थितीत त्यांनी डाव्या हातानं ट्रॅक्टर शेतात घातला. बायकांचं खरचटण्यावर निभावलं. तात्यांचा उजवा हात मात्र लुळा पडला, तोंड वाकडं झालं. घरी आल्यावरही ते बायकोला, सुशीलाकाकूंना, दचकून विचारायचे, "बाया... उतरल्या का?"

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: बोटं हलती ठेवा आणि कसलाही धक्का बसू देऊ नका. व्यायामाचा रबरी चेंडू तात्यांनी भिरकावून दिला. "च्येंडू खेळाया... मी काय... कुकुलं बाळ हाय?"

मी तेव्हा इंदापूरला एका क्लासात संगणक शिकवायची. तिथला जुना संगणक माझ्या घरी आला होता आणि त्यावर मोटार पळवायचा एक खेळ होता. एका दुपारी काकूंच्या आधारानं तात्या आले, पडद्यावरचा रस्ता पाहून थबकले. "मला... बसू दी."

तात्यांनी उजव्या हाताची बोटं कीबोर्डच्या कळांवर ठेवली. मोटार अडखळत निघाली. आमच्या तोंडावर हसू आलं, तेवढ्यात वळणावर समोरून ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला आणि चित्र गोठलं. संगणकाच्या डब्यातून एकच लांब सूर निघाला आणि पडदा काळा झाला. तात्या थरथर कापायला लागले. "बाया..." एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांना कवटाळलं. डॉक्टरांचं बजावणं मला आठवलं. मीच यांना मारलं की काय!

"पोरी, झाकून ठिव त्ये," काकू म्हणाल्या. मीही झाकलं. पण दुसऱ्या दिवशी तात्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथूनच म्हणाले, "माज्या हातानंच... बंद पडतंय."

हे ऐकल्यावर गप्प बसवेना. मी डबा उघडून धूळ काढली, शेजारी पंखा लावला. मेमरी मोकळी व्हावी म्हणून नको ते प्रोग्रॅम काढून टाकले. इंदापूरहून खेळाची दुसरी फ्लॉपी आणली. तरी त्याच वळणावर तोच सूर आणि तोच काळोख. तात्या चौकट धरून बघत असायचे. वळण आलं की डोळे मिटायचे.

"तुज्याबी... हातनं पडतंय?"

"माझ्याही हातून पडतंय, तात्या. दोष तुमच्या हाताचा नाही."

"पुन्ना कर."

मी केलं. पुन्हा बंद. या वेळी मात्र त्यांनी डोळे मिटले नव्हते. आणि मला जाणवलं, हॉर्न सुरू झाल्यावरच चित्र गोठतं. आवाजाच्या कार्डाचं आणि या जुन्या यंत्राचं जमत नसावं. मी खेळातले सगळे आवाज बंद केले. ट्रक मुक्यानं शेजारून निघून गेला.

तरी तात्यांना खुर्ची द्यायचं धाडस होईना. काकू "नगं, नगं" करत होत्या. तात्या बसलेच. वळण जवळ आलं. काकूंनी पदर तोंडात धरला. ट्रक दिसला आणि तात्यांच्या वाकड्या तोंडातून आधी नुसती हवा, मग घोगरा आवाज निघाला, "भों... भोंऽऽ!" हॉर्न त्यांनी स्वतःच दिला. ट्रक गेला. पुढं सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं. तात्या बघतच राहिले. "हितनं म्होरं... आलोच न्हवतो."

नंतर ते रोज येऊ लागले. ट्रॅक्टरवर मात्र पुन्हा चढले नाहीत. भीती गेली का, असं मी एकदा विचारलं. "भ्या जात न्हाय, पोरी. त्येला शेजारी बसवायचं... आन गाडी हाकायची."

दुसऱ्या झटक्यात तात्या गेले. मी पोचले तेव्हा काकू आपलं मनगट चोळत बसल्या होत्या. शेवटपर्यंत तात्यांनी ते घट्ट धरून ठेवलं होतं म्हणे. "उजव्या हातानं गं," काकू येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, "उजव्या हातानं."